बिनभोकाचं तिकीट

माणसानं तिकीट काढलंय की नाही, हे मला त्याच्या मानेवरून कळतं. ज्यानं काढलंय तो खिडकीबाहेर बघतो. ज्यानं काढलेलं नाही, तोही खिडकीबाहेरच बघतो, पण त्याची मान आखडलेली असते. एसटीत मी चोवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा मार्ग तपासणी पथकात. मी गाडीत चढले की पेंगणारी माणसंसुद्धा खिसे चाचपायची. पुढं गाड्या विनावाहक झाल्या, मग विनाचालक झाल्या, दारातला कॅमेराच चेहरा बघून भाडं कापायला लागला आणि जयमाला घोरपडेला नारळ मिळाला. नोकरी गेली, पण माना बघायची खोड काही गेली नाही.

म्हणून सत्तेचाळीस सालच्या मार्चमध्ये विट्याच्या आमच्या जुन्या एसटी कॉलनीत एक पांढरी गाडी आली आणि तिच्यातून उतरलेली सडपातळ बाई म्हणाली, "आम्हाला तुमच्या मुलांकडून काहीच नको, त्यांनी फक्त खेळायचं आहे," तेव्हा मी आधी तिची मान बघितली. मान अगदी सरळ होती. मला तर त्यामुळं जास्तच संशय आला.

तिचं नाव डॉक्टर अन्विता सबनीस. अंकुर नावाच्या कुठल्याशा कंपनीची मोठी शास्त्रज्ञ. बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये आम्हा सगळ्यांना बसवून तिनं टेबलावर एक वीट ठेवली.

"ही काय आहे?"

"वीट," आम्ही म्हणालो. आता विटेला दुसरं काय म्हणणार?

"पाच वर्षांच्या मुलीला मी म्हटलं, ही बस आहे, तर?"

"तर ती ढकलत नेईल. घुर्रर्र करत."

"बरोबर. त्या वेळी तिच्या मेंदूत दोन नकाशे एकदम जागे असतात. एक म्हणतो वीट, दुसरा म्हणतो बस. तिला पक्कं ठाऊक असतं की ही वीट आहे, म्हणून तर ती तिच्यात बसायला जात नाही. पण बसही तितकीच खरी असते. मोठ्या माणसात वीट त्या बसला लगेच गप्प करते. लहान मुलात दोघी गुण्यागोविंदानं नांदतात. याला आम्ही दुहेरी ठसा म्हणतो."

मग तिनं डोक्याला बांधायची एक पट्टी दाखवली, मुली केसांना लावतात तसली. तिच्यातून डोळ्याला न दिसणारा मंद प्रकाश कवटीतून आत जातो म्हणे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं रक्त धावतं, तिथला रंग जरासा बदलतो आणि परत येणारा प्रकाश ते सांगतो. टोचत नाही, तापत नाही. दुहेरी ठसा उमटला की पट्टीला कळतं, इतकंच.

"तुमचं यात काय अडलंय?" मी विचारलं.

"यंत्रांनी माणसानं लिहिलेलं सगळं वाचून संपवलंय, काकू. पण यंत्राला वीट तरी कळते नाहीतर बस तरी. दोन्ही एकदम धरता येत नाही. आणि नवं काही सुचायचं तर आधी 'समजा' म्हणता यायला हवं. ते आम्हाला मुलांकडून शिकायचंय. अडचण अशी की शहरातल्या मुलांत हा ठसा पाचव्या वर्षीच पुसट होतो. त्यांची खेळणी बोलतात, हसतात, गोष्ट सांगतात. बस व्हायचं काम खेळणंच करून टाकतं, मुलाला काही करावंच लागत नाही. आम्हाला रिकाम्या हाताची मुलं हवी आहेत."

अट सोपी होती. बारा वर्षांखालच्या पोरांना घरात एक स्क्रीन नाही, विकतचं एक खेळणं नाही. दिवसातून तीन तास डोक्याला पट्टी लावून मैदानात खेळायचं. त्या बदल्यात त्यांची बारावीपर्यंतची शाळा कंपनीची.

मी सही केली, पण ती शाळेसाठी नाही. माझी नात रेवा तेव्हा पाच वर्षांची होती. माझी लेक धनश्री जर्मनीत नर्स आहे, जावई बोटीवर. पोर माझ्याकडं. लेकीचं मन खात असायचं, म्हणून दर दोन महिन्यांनी पार्सल यायचं. बोलणारा हत्ती, पापण्या लववणारी बाहुली. हत्ती विचारायचा, "रेवा, आज काय खेळूया?" आणि उत्तरही तोच द्यायचा. एकदा वादळात तीन दिवस वीज नव्हती. हत्ती गप्प, बाहुली गप्प. आणि माझी नात मांडीवर हात ठेवून भिंतीला टेकून बसली होती. मी वाटीत चिंचोके दिले. तिनं वाटीकडं बघितलं आणि म्हणाली, "हे काय करतं?" चिंचोका काय करतो, असं विचारणारं लेकरू मी जन्मात बघितलं नव्हतं.

तर सही केली. पहिले पंधरा दिवस पोरांनी रडून घर डोक्यावर घेतलं. मग एका सकाळी रेवाला पायरीवर उताणं पडलेलं खापर दिसलं आणि ती त्याच्याशी भांडायला लागली. खापर म्हणे तिचं ऐकत नव्हतं. मी आत जाऊन पदर तोंडात धरून रडले. आनंदानं हो!

त्यानंतर दोन वर्षं नुसती चैन होती. मैदानात करंजाच्या झाडाखाली पोरांनी एसटीच काढली. विटांच्या रांगा म्हणजे सीटा, सायकलची रिम म्हणजे स्टिअरिंग. शेजारचा यासीन मुलाणी नऊ वर्षांचा, तो ड्रायव्हर. रेवा कंडक्टर. करंजाचं पान म्हणजे तिकीट. माझ्याकडं सासऱ्यांची पत्र्याची तिकीटपेटी होती, ती दाखवून मीच त्यांना शिकवलं होतं, "पूर्वी कंडक्टर तिकिटाला पंचनं भोक पाडायचा. भोक असलेलं तिकीटच खरं. बिनभोकाचं म्हणजे नुसता कागद." तेव्हापासून रेवा कानामागं बाभळीचा काटा खोचायची आणि प्रत्येक पानाला टच्चदिशी भोक पाडायची. ज्याचं तिकीट चुकलं किंवा जो भलत्याच थांब्यावर उतरला, तो आऊट. त्याच्यावर राज्य. त्यानं मैदानाला एक फेरी मारून धावती गाडी गाठायची. दर रविवारी मी तपासनीस होऊन गाडीत चढायचे. रेवा मला एक पान द्यायची, तपासनिसाचा पास. मी ते पेटीत जपून ठेवायचे. आणि दर वेळी दोघा-तिघांना तरी पकडायचेच. पोरं म्हणायची, "आज्जीच्या तावडीतून कोणी सुटत नाही." अंगावर मूठभर मांस चढायचं माझ्या.

तिसऱ्या वर्षी कंपनीनं बंडूला आणलं.

कागदावर त्याचं नाव सखा. बंडू हे पोरांनी ठेवलेलं. गुडघ्याएवढा, घोंगडीसारखं मऊ अंग, खाली चाकं, दोन हात आणि बटणाएवढे डोळे. तो पोरांत बसून खेळायला शिकणार होता. अन्वितानं मला समजावलं. बंडू खेळात काहीतरी करतो आणि लगेच सगळ्या पट्ट्यांना विचारतो. ठसा ठळक झाला तर ते बरोबर, मनात धरायचं. पुसट झाला तर चूक, टाकून द्यायचं. असं दिवसातून हजार वेळा.

"आणि शिकला की?"

"मग प्रत्येक घरात एक सखा. मुलाला सुचायच्या आधी त्याला सुचेल."

"मग मुलानं काय करायचं?"

"ते त्याच्याबरोबर खेळेल की!" ती हसली. हसली ती मनापासून, हे मला मान्य करावं लागेल. तीच जास्त भीती वाटण्यासारखी गोष्ट होती.

"तुम्ही लहानपणी काय खेळलात हो?"

"मी? टॅबवर शेती करायचे. वांगी लावायचे. आमच्या टीममध्ये सगळे तसलेच आहेत, काकू. म्हणून तर तुमच्या दारात आलो."

पहिल्या आठवड्यात बंडू म्हणजे निव्वळ ठोंब्या होता. गाडी चालू असताना सीटच उचलून न्यायचा. मग एकाएकी सुधारला. त्यानं काही केलं की पोरं टाळ्या पिटायची, "हो हो! बंडू आला! बंडूनं गाठली गाडी!" पट्ट्यांचा ठसा दाखवणारी अन्विताच्या फळीवरची रेघ चढत चालली. ती म्हणायची, बंडूच्या खेळीला ठसा जितका ठळक उमटतो, तितका मुलांच्या आपापसातल्या खेळातसुद्धा उमटत नाही. पुण्याहून अभिनंदनं यायला लागली.

आणि घरात माझी रेवा गप्प व्हायला लागली.

"आज काय खेळलात गं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तीन तास?"

"बंडू सांगतो ते." एवढं बोलून ती ताटातला भात चिवडत बसायची. पोर दमलेलीही दिसायची. पूर्वी झोपेपर्यंत तोंड बंद नसायचं तिचं. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मला तो हत्ती आठवला. आपणच विचारणारा, आपणच उत्तर देणारा. फरक इतकाच की याला आता चाकं होती.

मी पाळतीवर राहिले. वर्कशॉपच्या शेडमागं डिझेलची गंजकी टाकी आहे, तिच्याआडून मैदान दिसतं. चार दिवस उन्हात बसले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, पण सवय. बंडू म्हणाला, "ही वीट म्हणजे बोट!" बसच्या खेळात बोट कुठून आली, मेल्या? पण पोरं लगेच ओरडली, "हो हो, बोट!" रेवा सगळ्यात मोठ्यानं. क्षणभर सगळे वल्ही मारल्यासारखे हात हलवत होते. मला वाटलं, संपलं. त्यानं तोंड उघडायचा अवकाश, ही मान डोलावतात. यांच्या डोक्यात आता तोच बसलाय.

एक गोष्ट मात्र नजरेनं टिपली. जुनी खोड. बंडूच्या हातातल्या पानाला भोक नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. चार दिवसांत एकदाही नाही. तो बिनतिकिटाचा फिरत होता आणि कंडक्टर काही बोलत नव्हती.

संध्याकाळी मी रेवाला धरलं. "बंडूच्या तिकिटाला भोक का नसतं गं?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "विसरले असेन."

मान आखडलेली. माझ्या स्वतःच्या नातीची. एसटीत हजारो माना बघितल्या, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. या यंत्रानं पोरीला माझ्याशी खोटं बोलायला लावलं, असंच माझ्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी अन्विताकडं गेले. "माझ्या नातीला यातून काढा."

तिनं शांतपणे करारातलं पान उघडलं. एक मूल बाहेर तर सगळी कॉलनी बाहेर, बाराही पोरांची शाळा बंद. "आणि काकू, पुढच्या रविवारी बंडूची परीक्षा आहे. पुण्याहून लोक येणार. अनोळखी मुलांनी त्याला अर्धा तास खेळात घेतलं की झालं. मग पुढचा टप्पा. सखा घरी राहणार, मुलाबरोबर चोवीस तास. पहिला मान तुमचा. रेवाचा ठसा सगळ्यात ठळक आहे."

पहिला मान! मी घरी येऊन रेवाच्या अंथरुणाशेजारची जागा बघत बसले. तिथंच तो चार्जिंगला उभा राहणार होता. सकाळी ती डोळे उघडायच्या आधी त्याला सुचलेलं असणार होतं. आणि मग पुन्हा एक दिवस ती चिंचोक्यांच्या वाटीकडं बघून विचारणार होती, हे काय करतं. एकदा परत मिळालेला खेळ दुसऱ्यांदा गेला, तर तो कुठून आणायचा? त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी आळसंद रस्त्यावरच्या दगडखाणीवरची अकरा पोरं गाडीतून आली. त्यांच्या हातात खेळणी नव्हती ती करारानं नव्हे, कधी आलीच नव्हती म्हणून. आमच्या पोरांना शेडमध्ये बसवलं. पुण्याचे चार पाहुणे खुर्च्यांवर. खाणीवरच्या पोरांना पट्ट्या बांधल्या, खेळाचे नियम सांगितले आणि सोडलं. त्यांत सोनी नावाची आठेक वर्षांची पोर होती, ओढणी कमरेला खोचलेली. दोन मिनिटांत तिनं गाडीचा ताबा घेतला.

बंडू दुसऱ्याच थांब्यावर भलतीकडं उतरला.

"ए, तू आऊट," सोनी म्हणाली. "राज्य घे."

"आलो हं! गाठली गाडी!" बंडू आनंदानं म्हणाला आणि जागेवर येऊन बसला.

"गाठली नाहीस. फेरी मार."

"ही वीट म्हणजे बोट!" बंडू म्हणाला.

पोरं त्याच्याकडं बघत राहिली. "बोट कुठनं आली? ए, रडीचा डाव नको हां."

"आलो हं! आलो हं!"

त्याला खरंच काही कळत नव्हतं. आऊट म्हणजे काय, राज्य म्हणजे काय, हे त्याला कधी कोणी दाखवलंच नव्हतं. सोनीनं करंगळी पुढं केली. "कट्टी." मग अकराच्या अकरा करंगळ्या पुढं आल्या. पोरं उठून दुसऱ्या झाडाखाली गेली आणि बंडू रिकाम्या विटांमध्ये एकटाच "हो हो" करत फिरत राहिला. फळीवरची रेघ पार तळाला लोळत होती. पुण्याचे पाहुणे घड्याळं बघायला लागले. अन्विताचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मोठी माणसं खलबतं करायला आत गेली, तशी आमची पोरं शेडमधून सुटली आणि खाणीवरच्या पोरांत मिसळली. पाच मिनिटांत नवी गाडी सुरू. सोनीचा तीन वर्षांचा भाऊ शेंबूड पुसत आला आणि "मी पण, मी पण" करायला लागला.

"घ्या रे त्याला," यासीन म्हणाला. "लिंबूटिंबू."

रेवानं एक करंजाचं पान तोडलं, काटा कानामागंच राहू दिला आणि बिनभोकाचं पान त्याच्या हातात ठेवलं. तो चुकीच्या थांब्यावर उतरला. सगळी ओरडली, "हो हो! आला! गाठली गाडी!" तो टाळ्या पिटत परत बसला. गाडी पुढं निघाली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

अगं बाई! लिंबूटिंबू! मी स्वतः तीन वर्षं चुलतभावांच्या खेळात लिंबूटिंबू होते. लहानग्याला खेळात घ्यायचं, कारण नाही घेतलं तर तो रडतो. तो काय करील त्याला हो म्हणायचं. त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो कधी आऊट व्हायचा नाही. आणि खरा खेळ त्याच्या डोक्यावरून चालू ठेवायचा. पोरांनी पहिल्याच आठवड्यात बंडूला लिंबूटिंबू करून टाकलं होतं. एवढा ठोंब्या, दुसरं काय करणार? मग ठसा ठळक उमटणारच की! हे यंत्र आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि बंडू आपल्याबरोबर खेळतोय असं खोटं-खोटं त्यांनी धरलं होतं. वीट आणि बस, दोन्ही एकदम. बंडूला वाटलं, आपण केलं म्हणून उमटला. कंपनीलाही तेच वाटलं. टॅबवर वांगी लावलेल्या माणसांना लिंबूटिंबू कुठून माहीत असणार? आणि ज्या एका बाईला माहीत होतं, ती टाकीमागं बसून माना बघत होती.

रेवा दमत होती, कारण रोज तीन तास एक तान्हं सांभाळत होती. गप्प होती, कारण लिंबूटिंबूला तो लिंबूटिंबू आहे हे कळू द्यायचं नसतं. तिचा खेळ जागच्या जागी होता.

"काकू." मागं अन्विता उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. "काय चुकलं असेल हो? एवढा ठसा होता. तुम्ही रोज बघत होतात, तुम्हाला काही लक्षात आलं?"

मी पदर सारखा केला.

"आत्ता ती मुलं काहीतरी म्हणाली. लिंबूटिंबू. म्हणजे काय?"

आता मला फक्त खरं बोलायचं होतं. दोन वाक्यं. मग ती बंडूला आऊट करायला लावणार, त्याच्यावर राज्य आणणार, तो सहा महिन्यांत खरंच शिकणार. बाराही पोरांची बारावीपर्यंतची शाळा शाबूत राहणार. आणि बंडू माझ्या रेवाच्या अंथरुणाशेजारी उभा राहणार. चोवीस वर्षांत मी एकाही बिनतिकिटवाल्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं नव्हतं. सख्ख्या दिरालासुद्धा सोडलं नव्हतं.

"लिंबूटिंबू होय?" मी म्हटलं. "सरबताचा खेळ असतो हो. लहान पोरांचा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी करंजाच्या झाडाकडं बघत होते. माझी मान आखडली होती, हे माझं मला कळत होतं. तिलाही कळलं का? आजही सांगता येत नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं, की नुसतंच पेन टेकवलं, तेही मला दिसलं नाही. एवढंच म्हणाली, "बरं, काकू." आणि बंडूला उचलून गाडीकडं गेली. तो अजून "आलो हं" म्हणत होता. त्याची मला दया आली. बिचाऱ्याला एकदा तरी कोणी आऊट करायला हवं होतं.

महिन्याभरात पट्ट्या गेल्या, करार गेला. पोरं पुन्हा नगरपालिकेच्या शाळेत. कॉलनीतल्या चार बायका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, कारण मी त्या दिवशी अन्विताशी काहीतरी बोलले हे त्यांनी बघितलंय. बोलू देत.

पण गोष्ट तिथं संपली नाही. परीक्षेच्या त्याच रविवारी दुपारी मी घरी आले आणि हौसेनं सासऱ्यांची तिकीटपेटी उघडली. रेवानं दर रविवारी दिलेली पानं त्यात होती, वाळून कागदासारखी झालेली. एक घेतलं, उजेडात धरलं. दुसरं धरलं. मग सगळीच ओट्यावर पसरली आणि चष्मा लावून बघितली.

एकाही पानाला भोक नव्हतं.

पास! मला वाटायचं, तपासनिसाचा पास असतो, त्याला कशाला भोक. दोन वर्षं मी गाडीत चढत होते, पोरांना पकडत होते, आणि मी उतरले की पकडलेली पोरं पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसत होती. आज्जीच्या तावडीतून कोणी सुटत नाही, म्हणे! मला आधी हसू आलं. मग डोळे भरून आले. खरं सांगते, नोकरी गेली तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

उन्हं कलताना मी पेटी घेऊन मैदानात गेले. गाडी चालू होती. मी आडवी उभी राहिले.

"रेवे, माझ्या एकाही तिकिटाला भोक नाही."

यासीन रिम हातात धरून जमिनीकडं बघायला लागला. "आज्जी, तुमचे गुडघे दुखतात ना, म्हणून..."

"गुडघ्यांचं मी बघते. तू सांग गं."

रेवानं मान वर केली. सरळ मान. "तू चिडतेस, आज्जी. आऊट झालीस की भांडतेस. पहिल्या रविवारी भांडली होतीस. मग खेळच थांबला होता."

हे खरं होतं. मला आठवलं, मी चांगला अर्धा तास भांडले होते.

"आता नाही चिडणार," मी म्हटलं. "दे टोचून."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मी ज्या नजरेनं लोकांकडं बघायचे, तीच नजर. "राज्य आलं तर घ्यावं लागेल. फेरी मारावी लागेल. पूर्ण."

"मारीन."

तिनं नवं पान तोडलं, कानामागचा काटा काढला आणि टच्चदिशी भोक पाडलं. मी पान मुठीत धरून शेवटच्या विटेवर बसले. गाडी सुटली. यासीननं खानापूर घेतलं, भिवघाट घेतला. वळणावर मी जरा पाय लांब केला तो विटेबाहेर गेला.

"आज्जी आऊट!" रेवा ओरडली.

"आऊट कशी? गाडी वळत होती! पाय टेकला नव्हता, नुसता लांब केला होता. विचार यासीनला! चोवीस वर्षं एसटीत काढली मी, मला शिकवू नकोस..."

मी बरंच बोलले. गाडी थांबली नाही. पोरं घुर्रर्र करत पुढच्या थांब्याला लागलीसुद्धा. मी साडी वर खोचली आणि फेरी मारायला पळत सुटले.